पिंपातले साडेत्रेपन्न लिटर

आमच्या घरात कोणताही आकडा आजारी माणसाच्या कानावर घालण्याआधी थोडा बरा करून घेतात. ही पद्धत कोणी सुरू केली ते माहीत नाही. वडिलांचा ताप एकशे तीन असला की आई एकशे एक सांगायची. पुढे आईची साखर तीनशेवर गेली, तेव्हा वडिलांनी दोनशे चाळीस सांगून परतफेड केली. त्या सुधारलेल्या आकड्यांवर दोघंही बरीच वर्षं जगली. त्यामुळे दादाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लागला, तेव्हा वहिनीला काही शिकवावं लागलं नाही. अठ्ठ्याऐंशी दिसले की ती नव्वद म्हणायची, नव्वद दिसले की ब्याण्णव. तिचा दर ठरलेला होता.

"अहो, ब्याण्णव! कालच्यापेक्षा एक जास्तच."

"अरे वा," दादा म्हणायचा आणि छताकडे बघायचा.

दादाने चौतीस वर्षं एका कापडाच्या कारखान्यात जनरेटर सांभाळले. फुप्फुसं तिथल्या धुराने गेली की सिगारेटच्या, असं डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, दोन्ही. दादा म्हणाला, "म्हणजे दोन्हीकडून माझाच धूर. बाहेरच्या कोणाला दोष नको." आता तो चौथ्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत पलंगावर असायचा आणि शेजारी हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं एक मशीन दिवसरात्र घुरघुरायचं. छोट्या फ्रिजएवढं, विजेवर चालणारं. वीज गेली तर एक छोटा सिलिंडर होता, पण तो पाऊण तासाचा सोबती.

डॉक्टरांची अट एकच होती. वीज अखंड असेल तर घरी ठेवा. एकदा जरी खंड पडला, तरी मी त्यांना वॉर्डात घेणार. दादा त्या वॉर्डात दोनदा जाऊन आला होता. "तिसऱ्यांदा नेलंत तर मी परत येणार नाही," तो मला म्हणाला. "ही धमकी नाही. माझा अंदाज आहे." डॉक्टरांनी मला जिन्यात गाठून हेच सांगितलं होतं, फक्त त्यांनी त्याला अंदाज म्हटलं नव्हतं.

मी त्याचा धाकटा भाऊ. समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो आणि शाळेत विज्ञान शिकवतो. म्हणून दादा मला मास्तर म्हणतो.

तर अशा या व्यवस्थेत वीज कंपनीची नोटीस आली. गुरुवारी केबल बदलायचं काम असल्याने सकाळी सात ते संध्याकाळी सात पुरवठा बंद राहील, सहकार्य करावं. सहकार्य न करण्याची सोय नोटिशीत नव्हती.

इमारतीला जनरेटर होता. तो लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे चालवायचा, आणि तीन बैठका घेऊन झालेल्या ठरावानुसार एक वायर दादाच्या खोलीतही जायची. पण त्याच्या पोटातल्या टाकीत चोवीस लिटर डिझेल मावायचं आणि तासाला साडेतीन लिटर जायचं. म्हणजे जेमतेम सात तास. मध्ये थांबवून भरावं तर ते इंजिन गरम असताना बंद केलं की तासभर रुसायचं. चालू असताना भरायला बंदी होती, कारण एकदा चेअरमनच्या भाच्याने तसं केलं होतं आणि त्याच्या भुवया अजून नीट आलेल्या नाहीत.

"वेगळं पिंप लावायचं," दादा म्हणाला. "साठ लिटरचं. उंचावर. त्यातून आपोआप खालच्या टाकीत उतरेल."

त्याने तपासणीच्या रिपोर्टच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. छातीएवढ्या उंचीचं लोखंडी स्टँड, त्यावर पत्र्याचं पिंप, तळाला कॉक, मग फिल्टर, मग डिझेलची रबरी नळी, आणि खालच्या टाकीत संडासच्या फ्लशला असतो तसा तरंगता गोळा. टाकी जरा खाली गेली की गोळा खाली, तोंड उघडं, डिझेल आत. टाकी भरली की बंद. पिंपाच्या बाजूला आतली पातळी दिसावी म्हणून उभी पारदर्शक नळी. आणि डोक्यावर एक बारीक पाइप, छत्रीच्या मुठीसारखा वाकवलेला.

"ही हवेची नळी. ही कोणी बंद करू नये. का ते तुला सांगायला नको. तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडतात, हे तू पोरांना शिकवतोस."

"अठ्ठावीस वर्षं," मी म्हटलं. दर वर्षी मी पत्र्याच्या डब्यात पाणी उकळून, झाकण घट्ट लावून, वर गार पाणी ओततो. डबा बाहेरच्या हवेच्या दाबाने चेपतो आणि मुलं टाळ्या वाजवतात. माझ्या कारकिर्दीत टाळ्या तेवढ्याच.

कमिटीपुढे मी प्रस्ताव ठेवला. सेक्रेटरींनी चष्मा पुसून विचारलं, "म्हणजे हे सगळं एकाच फ्लॅटसाठी?"

"दोन वाजता लिफ्टही बंद पडेल," मी म्हटलं.

सेक्रेटरी सहाव्या मजल्यावर राहत. माणुसकीचा विचार करून प्रस्ताव मंजूर झाला. अटी तीन: पिंपाला इमारतीच्या रंगाचा रंग द्यावा, शुक्रवारी ते काढून टाकावं, आणि वास येता कामा नये. तिसरी अट पहिल्या मजल्यावरच्या मॅडमची होती. त्यांची खिडकी जनरेटरच्या बरोबर वर, आणि नाक त्या खिडकीत.

बुधवारी मेकॅनिकने दादाच्या चित्राबरहुकूम सगळं बसवलं. तो दर अर्ध्या तासाने फोन करायचा आणि दादा पलंगावरून त्याला सूचना द्यायचा. शेवटी मेकॅनिक म्हणाला, "काका, तुम्हीच खाली आला असतात तर मी घरी जाऊन झोपलो असतो."

"मी खाली आलो असतो तर तुला झोपूच दिलं नसतं," दादा म्हणाला, आणि मग तीन मिनिटं नुसता श्वास घेत राहिला. बोलणं त्याला असं महागात पडायचं.

जनरेटर अर्धा तास चालवून पाहिला. नळीतली पातळी शिस्तीत खाली आली. वर दादाने खिडकी उघडायला लावली आणि डोळे मिटून आवाज ऐकला. "इंजिनाचा दुसरा सिलिंडर जरा घोगरा आहे. चालेल." कित्येक महिन्यांत मी त्याला इतका खूश पाहिला नव्हता. मग पिंप पुन्हा वरपर्यंत भरलं. सत्तावन्न लिटर. पारदर्शक नळीवर लाल रंगाने खुणा मीच केल्या होत्या.

संध्याकाळी मॅडमची तक्रार आली आणि वॉचमनने ती जागच्या जागी सोडवली. त्याने मला नेऊन दाखवलं. हवेच्या नळीच्या तोंडावर एकात एक अशा तीन प्लास्टिकच्या पिशव्या घालून त्यांच्यावर चिकटपट्टीचे वेढेच वेढे दिले होते. इतकं नीटनेटकं काम त्याने आयुष्यात दुसरं केलं नसेल.

"साहेब, वास खल्लास. मॅडम पण खूश."

"छान केलंस," मी म्हटलं. "कचराही जाणार नाही आत."

हे मी म्हटलं. साधारण साडेतीन हजार मुलांना हवेचा दाब समजावून सांगितलेल्या माणसाने.

गुरुवारी सकाळी सात वाजता वीज गेली, जनरेटर सुरू झाला, दादाचं मशीन एकदा चुकचुकून पुन्हा घुरघुरू लागलं. दादाने उशाशी कागद-पेन्सिल घेतली होती. त्यावर तासातासाचे आकडे आधीच मांडले होते. आठ वाजता मला म्हणाला, "मास्तर, बघून ये. साडेत्रेपन्न हवेत."

मी खाली गेलो. नळीत सत्तावन्न. जरा वाकून पाहिलं, तरी सत्तावन्न. मला वाटलं, आधी खालची टाकी संपत असेल आणि मग वरचं पिंप लागत असेल. स्वयंपाकघरात आपण तेच करतो, फोडलेला डबा आधी संपवतो. त्या तरंगत्या गोळ्याचं काय, असं माझ्या मनात आलंही. पण हे वर जाऊन विचारलं असतं तर दादा उठून बसला असता, गोळा कसा चालतो ते सांगितलं असतं, आणि त्या दहा वाक्यांसाठी त्याला अर्धा तास धाप लागली असती. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला?

"किती?"

"साडेत्रेपन्न."

त्याने आकड्यापुढे बरोबरची खूण केली. त्याचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. वहिनीने दारातून मला पाहिलं आणि मान हलवली. घरातल्या घरात ओळख पटली.

नऊ वाजता पन्नास. दहाला साडेशेहेचाळीस. अकराला त्रेचाळीस. हे आकडे मला खाली जाऊन आणावे लागत नव्हते. ते त्याच्या कागदावर होतेच. तरी मी प्रत्येक वेळी जात होतो, कारण खोटं सांगायचं असलं तरी जिने प्रामाणिकपणे उतरावेत असं मला वाटतं. लिफ्ट चालू होती, हा भाग वेगळा.

बारा वाजता खाली चेअरमन भेटले. ते पिंपासमोर हात मागे बांधून उभे होते.

"मास्तर, कमाल आहे हो! सकाळपासून लिफ्ट वर-खाली, वर-खाली, आणि एक थेंब कमी नाही. सत्तावन्नच्या सत्तावन्न!"

"हो, कमी पितंय आज."

"मेकॅनिकला सांगा, हेच सेटिंग कायम ठेव म्हणावं."

जनरेटरच्या स्वतःच्या टाकीलाही काटा होता. तो गेली तीन वर्षं अर्ध्यावर होता. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. अर्धी. ठीक आहे. पिंपाचा पत्रा एका बाजूला थोडा आत गेलेला दिसला. टेम्पोतून उतरवताना आपटलं असेल, मी मनात म्हटलं, आणि लोक किती निष्काळजी असतात याचा विचार करत वर आलो.

एक वाजता दादाला छत्तीस सांगितले. तो जेवला. चार घास जास्त जेवला. वहिनीने चिमटा लावून ब्याण्णव जाहीर केले.

दोनला दहा मिनिटं कमी असताना जनरेटरचा आवाज बदलला. मला तो कळला नाही. वहिनीलाही नाही. दादाने डोळे उघडले.

"मास्तर, ते तहानलंय."

आता मलाही ऐकू आलं. इंजिन मध्येच जोरात धावत होतं, मध्येच खोल जात होतं.

"शेवटचे किती होते?"

"छत्तीस."

"नक्की?"

"मी स्वतः पाहिलं."

तो दोन श्वास थांबला. "मग डिझेल आहे. म्हणजे फिल्टर तुंबला. नव्या पिंपात कचरा असतो. कॉक बंद कर, वाटी उघड, पूस, लाव. पळ."

मी पळालो. कॉक बंद केला, फिल्टरची वाटी उघडली. आरशासारखी स्वच्छ. तरीही शर्टाने पुसली, कारण दादाने सांगितलं होतं. पुसत असतानाच इंजिनाने एक लांब उचकी दिली आणि ते थांबलं. इमारतीत एकदम इतकी शांतता झाली की पहिल्या मजल्यावरच्या मॅडमचा सुस्कारा ऐकू आला. मी वाटी परत बसवली, कॉक उघडला, बटण दाबलं. नुसतंच गरगरलं. पुन्हा दाबलं. दहा मिनिटं माझी अशी गेली.

लिफ्ट बंद होती. चार मजले चढून वर गेलो तेव्हा वहिनीने सिलिंडर लावला होता. त्याचा काटा मात्र खरा होता आणि डोळ्यांदेखत सरकत होता.

"वाटी?" दादाने विचारलं.

"स्वच्छ."

"असं होणार नाही. छत्तीस लिटर आहेत, वाटी स्वच्छ आहे, मग..." तो हिशेब करू लागला. मला दिसत होतं, तो माझ्या छत्तीसवरून पुढे जात होता, एकेक शक्यता तपासत होता, आणि प्रत्येक शक्यतेला त्याचा एकेक श्वास जात होता.

"दादा," मी म्हटलं, "सत्तावन्न आहेत."

"काय?"

"पिंपात. सकाळपासून सत्तावन्नच आहेत."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. आमच्या घरात असं मध्येच खरं बोलायची पद्धत नाही.

दादाने कागदाकडे पाहिलं. सहा बरोबरच्या खुणा. मग विचारलं, "हवेच्या नळीवर काय घातलंय?"

पाच सेकंद लागली त्याला. मला सात तास पुरले नव्हते.

"पिशव्या. तीन."

तो हसला. हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबेना. वहिनीने त्याची पाठ धरली आणि मला म्हणाली, "भावजी, जा तुम्ही. उभे काय राहिलात?"

पिशव्या नळीत आत ओढल्या गेल्या होत्या. मी चाकूने कापल्या. पिंपाने केवढा तरी मोठा श्वास घेतला, आत गेलेला पत्रा टप्पकन बाहेर आला, आणि डिझेल रबरी नळीतून खळखळत खालच्या टाकीत उतरायला लागलं. वर्गात हा प्रयोग इतका चांगला कधी झाला नव्हता.

पण कोरड्या पडलेल्या इंजिनाच्या नळ्यांत हवा शिरते. ती काढल्याशिवाय ते सुरू होत नाही, आणि ती काढायची कशी हे मला येत नव्हतं. मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "पंचवीस मिनिटांत येतो." खरोखर पंचवीस मिनिटांत आला. त्या दिवशी आकड्याला जागलेला तो एकटाच. पण वर सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यावर आला होता. वहिनीने डॉक्टरांना फोन केला, डॉक्टरांनी ॲम्ब्युलन्सला.

दोन माणसांनी दादाला खुर्चीला बांधून जिन्याने उतरवलं. प्रत्येक वळणावर एक जण "जरा तिरकं, जरा तिरकं" म्हणत होता. दुसरा म्हणाला, "एवढी उंच बिल्डिंग आणि लिफ्ट बंद. जनरेटर नाही का हो तुमच्याकडे?"

"आहे," दादा म्हणाला.

ते तळमजल्यावर पोहोचले, आणि त्याच वेळी मेकॅनिकच्या हाताखाली इंजिनाने दोनदा ठसका घेतला आणि ते लागलं. जिन्यातले दिवे पेटले. लिफ्ट आपणहून खाली आली, दार उघडलं, कोणी नव्हतं, दार मिटलं. खुर्ची धरणाऱ्या माणसाने तिला एक शिवी हासडली. दादाने एक बोट वर केलं. ते थांबले. तो ऐकत राहिला.

"दुसरा सिलिंडर साफ झाला," तो मेकॅनिकला म्हणाला.

"हो काका. चला, या लवकर परत."

दादाने हो म्हटल्यासारखी मान हलवली. मेकॅनिकचं मन मोडायचं नव्हतं त्याला.

ॲम्ब्युलन्समध्ये मी आणि वहिनी त्याच्या दोन बाजूंना बसलो. बरोबरच्या माणसाने त्याच्या बोटाला चिमटा लावला आणि बाहेर पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणाला, "एक्क्याऐंशी."

असा आकडा आमच्या घरातल्या कोणी कधी मोठ्याने उच्चारला नव्हता. वहिनीने पदर तोंडाला लावला. दादाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"असू दे गं. तुझे मी रोज दोन वजा करायचो," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

ती रडता रडता चिडली. "मग सांगायचं नाही का?"

"तुला बरं वाटायचं."

मग मला विचारल्याशिवाय राहवेना. "आणि माझे, दादा? माझे का नाही वजा केलेस?"

त्याने मास्क जरा उचलला. "तू विज्ञानाचा मास्तर," तो म्हणाला. "तुझे कशाला वजा करू?"

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

वॉर्डात त्याला खिडकीपासून लांबची खाट मिळाली. डोक्यावर एक पडदा होता आणि त्यावर त्याचे सगळे आकडे हिरव्या अक्षरांत, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावेत असे. डॉक्टरांनी मला पुन्हा जिन्यातच गाठलं. ते म्हणाले, आता घराचा विषय काढू नका. मी विचारलं, किती दिवस? त्यांनी एक आकडा सांगितला. तो बरा करून सांगितलेला होता की नाही, हे मला ओळखता आलं नाही. तो बराच लहान होता.

संध्याकाळी दादाचे कपडे न्यायला घरी आलो. सातला पाच कमी होते. जनरेटर एका लयीत चालला होता. नोटीस बोर्डावर सेक्रेटरींचं पत्रक लागलं होतं, पिंप शुक्रवारी न चुकता काढावं. वर आतल्या खोलीत मशीन घुरघुरत होतं. वीज आली तसं ते आपोआप सुरू झालं असणार, निघायच्या घाईत बटण कोणी बंद केलं नव्हतं. नळी उशीवर पडली होती आणि उशीला चार तास ऑक्सिजन मिळत होता. उशाशी तो कागद होता. शेवटची ओळ: सात वाजता, पंधरा.

मी मशीन बंद केलं आणि खाली गेलो. नळीतली पातळी पाहिली, मग बसून डोळ्यांच्या रेषेत पाहिली, मुलांना शिकवतो तशी. अठरा. मधला बंद पडलेला वेळ धरला तर दादाचा हिशेब लिटरला लिटर बरोबर होता.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. मागे वॉर्डातली कसली तरी पीं-पीं चालली होती.

"भावजी, हे विचारताहेत, पिंपात किती उरले?"

"अठरा," मी म्हटलं. "वहिनी, अठराच सांगा."

तिने फोन बाजूला धरला.

"अहो," मला ऐकू आलं, "वीस आहेत म्हणे."